तिसऱ्यांचा पास्ता आणि दोन-तृतीयांशाचं गणित

मांडवीकाठ · रात्री ९:१०

येत्या रविवारी रात्री दहा पानं आहेत. जेवण इटालियन हवं, पण हॉटेलातल्या लाल सॉस-पांढऱ्या सॉसचं नको. घरगुती, एकामागून एक येणारं हवं. आठ जण मासे खाणारे, दोघं शाकाहारी, त्यातल्या आजी अंडंही खात नाहीत. तीन शेगड्या आणि २८ लिटरचा ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) आहे. संध्याकाळी वीज जाणार हे धरूनच चाला. सामान म्हापसा-पणजीत मिळेल तेवढंच. प्रमाणं सांगा, आणि कुठे काय बिघडतं तेही सांगा.

दुसरा प्रश्न. पंगतीत दोन काका आहेत, दोन पक्षांचे. पास्ता ताटात पडायच्या आत पक्षांतराचा विषय निघणार. पदार्थांचा क्रम असा लावता येईल का, की तोंडं भरलेली राहतील? हे गमतीत विचारत नाहीये.

आदोळी · रात्री ९:३४

मुख्य पास्ता तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या लहान शिंपल्यांचा करा. नेपल्सकडचा 'स्पगेटी आल्ले वोंगोले' म्हणजे तिसऱ्यांच्या जातभाईंचाच. आठ जणांना शिंपल्यांसकट दोन किलो लागतील. बाजारात वाट्यावर मिळतात आणि वाटा कधी केवढा असेल त्याचा नेम नाही, म्हणून वजन करूनच घ्या. उघडी दिसली तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. फुटकी तर घेऊच नका.

वाळू काढणं हे निम्मं काम. लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम मीठ घाला, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकं खारट होतं. परातीत चाळणी ठेवून तिच्यात तिसऱ्या पसरा. टाकलेली वाळू खाली बसते, परत शिंपलीत जात नाही. पाणी जेमतेम बुडण्याइतकंच, वर फडकं, दीड-दोन तास. नळाच्या पाण्यात ठेवल्या तर मरतात आणि वाळू आतच राहते. खोल बादलीत ढीग केला तर तळाच्या गुदमरतात.

आपल्याकडे आदोळीवर, म्हणजे विळीवर, चिरून एकशिपी (मांस एकाच शिंपलीत ठेवून) करायची सवय. इथे तसं करू नका, शिंपल्या अख्ख्याच हव्यात. रुंद कढई चांगली तापवून एक किलो तिसऱ्या, ७५ मिली कोरडी पांढरी वाईन, झाकण, मोठी आच, तीन-चार मिनिटं. उघडेल ती लगेच बाहेर. मग दुसरा किलो. दोन्ही किलो एकदम घातले तर वरच्या उघडेपर्यंत खालच्यांचं रबर होतं. सुटलेलं पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळा. हे पाणी म्हणजेच सॉस, सांडलं तर पदार्थ संपला.

वाईनबद्दल: इथली पोर्ट वाईन गोड असते, ती चालत नाही. फेणी तर मुळीच नको, काजूचा वास तिसऱ्यांना जागा ठेवत नाही. वाईन नकोच असेल तर नुसत्या वाफेवर उघडा आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस.

उंडो_पोई · रात्री ९:५१

सुरुवात ब्रुस्केत्ताने करा. पोदराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा उंडो (कडक कवचाचा गोल पाव) घ्या, आदल्या दिवशीचा असला तर जास्त चांगला. पोई (कोंड्याचा पाव) पोकळ असते, तिचे काप पडत नाहीत. दीड सेंटिमीटर जाड काप दोन्ही बाजूंनी कोरडे भाजायचे, गरम असतानाच कच्ची लसूण पाकळी वरून घासायची. कडक पाव किसणीसारखं काम करतो. दहा जणांना पाच-सहा उंडे.

टोमॅटो अर्धा किलो, बिया काढून बारीक चिरून, मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत. हे टाळलं की पाव पाच मिनिटांत लगदा होतो. वर ऑलिव्ह तेल आणि बेसिल. बेसिल म्हणून वृंदावनातली तुळस तोडू नका. ती वेगळी जात, तिखट-औषधी लागते. सब्जाचं झाड हे बेसिलच्याच जातीचं, वास थोडा निराळा पण चालून जातो.

काकांसाठी: उंड्याचं कवच चावताना बोलता येत नाही. पहिली दहा मिनिटं तुमची.

तळ्यातमळ्यात · रात्री १०:०२

उंडोबाब, पक्षांतराच्या विषयाला दहा मिनिटं कुठे पुरतात? चाळीस आमदारांचं एवढंसं राज्य, पण कोण कुठल्या पक्षात आहे हे सांगायला दर महिन्याला यादी काढावी लागते. मत एका चिन्हाला द्यायचं आणि ते सापडतं दुसऱ्याच चिन्हाखाली. वर ऐकवतात काय, तर 'मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो'.

परिशिष्ट_दहा · रात्री १०:२५

अवांतर आहे, पण धाग्यात प्रमाणं विचारली आहेत म्हणून देतो. पक्षांतराचीही पाककृती आहे, आणि ती फार काटेकोर आहे.

१९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती होऊन राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. तेव्हा एक-तृतीयांश आमदार फुटले तरी 'फूट' म्हणून चालायचं. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. उरला परिच्छेद ४, विलीनीकरण: विधिमंडळ पक्षातले दोन-तृतीयांश सहमत असतील तर अपात्रता नाही. आता गोव्यातले आकडे या मापात घालून बघा.

मार्च २०१९: मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) ३ पैकी २ भाजपमध्ये. जुलै २०१९: काँग्रेसचे १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२: काँग्रेसचे ११ पैकी ८, कारण अकराचे दोन-तृतीयांश होतात सात पूर्णांक एक-तृतीयांश, म्हणजे सात अपुरे. तिन्ही वेळा बरोबर काठोकाठ, एकही जास्तीचा नाही. मतं बदलली म्हणून माणसं गेली असती तर आकडे असे कधी आले नसते. कोणी सातावर अडलं असतं, कोणी नऊवर गेलं असतं. इथे आधी माप ठरलं, मग माणसं मोजली.

आणि तो २०२२चा जानेवारी. काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा तिन्हीकडे नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. ती आठ महिने टिकली.

तळ्यातमळ्यात · रात्री १०:३१

पापडसुद्धा डब्यात त्याहून जास्त टिकतो.

वांगी_आगशीची · रात्री १०:४०

शाकाहाऱ्यांसाठी पार्मिज्याना करा, म्हणजे वांग्याचे थर. मासेवालेही हात मारतील, म्हणून दहा जणांचंच करा: दीड किलो आगशीची वांगी. मोठी, मऊ, आपण काप करतो तीच. लहान काटेरी वांगी नकोत, साल-बिया जास्त आणि गर कमी.

८ मिलिमीटरचे काप, मीठ लावून अर्धा तास चाळणीत, मग फडक्याने दाबून कोरडे. हे कडूपणासाठी नाही, आताची वांगी कडू नसतातच. पाणी निघालं की गर घट्ट होतो आणि तेल कमी पितो. १७५ अंशांच्या तेलात थोडे थोडे तळा. कढई भरली की तेल थंड पडतं आणि वांगं ते स्पंजासारखं ओढतं. रव्यात घोळवायची आपली सवय इथे सोडा, थरांमध्ये रव्याचा चिखल होतो.

सॉस: दोन किलो पिकलेले टोमॅटो, उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट, साल काढून, बिया काढून चिरा. पाच टेबलस्पून तेल, चार लसूण पाकळ्या ठेचून, मंद आचेवर ४५ मिनिटं. बाजारातले कडक संकरित टोमॅटो गाडीत फुटू नयेत म्हणून जपलेले असतात. त्यांना पाणी जास्त, चव कमी, म्हणून वेळ लागतोच. साधारण लिटरभर सॉस व्हायला हवा. पातळ वाटला तर आणखी आटवा, कॉर्नफ्लॉवर नको. कांदा, गरम मसाला, केचप यातलं काहीही नको.

थर: सॉस, वांगी, मोत्झारेल्ला, किसलेलं चीज, बेसिल, पुन्हा सॉस. मोत्झारेल्ला ३५० ग्रॅम, पाण्यातला असेल तर तासभर आधी चाळणीत. १९० अंशांवर ३५ मिनिटं, मग अर्धा तास हात लावायचा नाही. लगेच कापलं तर थर वाहतात. हा पदार्थ कोमटच खातात, म्हणून दुपारी चारला भाजून ठेवला की संध्याकाळची वीज गेली काय, राहिली काय.

आजींसाठी महत्त्वाचं: खरं पार्मिज्यानो रेज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, ते शाकाहारी नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं कडक चीज घ्या.

संपादक · रात्री १०:४८

हा पाककृती विभाग आहे. पक्षांतराची चर्चा राजकारण विभागात नवा धागा काढून करावी.

उंडो_पोई · रात्री १०:५५

संपादकसाहेब, विषय खाण्याचाच आहे. इटलीत भ्रष्टाचाराला 'मान्या मान्या' म्हणतात, म्हणजे नुसतं 'खा खा'. आपण 'पैसे खाल्ले' म्हणतो तेच. लाचेला त्यांचा शब्द 'बुस्तारेल्ला', अर्थ छोटं पाकीट. आपल्याकडेही पाकीटच पोचतं. मिलानमध्ये १७ फेब्रुवारी १९९२ला वृद्धाश्रमाच्या प्रमुखाला लाच घेताना पकडलं. त्यातून 'स्वच्छ हात' नावाचा तपास उभा राहिला आणि दोनेक वर्षांत देशातले जुने मोठे पक्ष मोडीत निघाले.

परिशिष्ट_दहा · रात्री ११:१०

पक्षांतरही त्यांच्याकडे जुनं. आगोस्तिनो देप्रेतिस १८७६ला पंतप्रधान झाले. समोरच्या बाकांवरची माणसं एकेक करून आपल्याकडे ओढायची आणि बहुमत शिजवायचं ही त्यांची रीत. तिला नावच पडलं 'त्रास्फोर्मिझ्मो'. पक्ष बदलणाऱ्याला 'व्होल्तागाब्बाना', म्हणजे अंगरखा उलटा करून घालणारा. तिथल्या राज्यघटनेच्या कलम ६७ नुसार खासदार पक्षाच्या आदेशाला बांधलेला नसतो, तेव्हा त्यांचं उघड तरी असतं. आपण कायदा केला आणि त्यातच दार ठेवलं.

त्या दारावरही वाद आहे. परिच्छेद ४ नीट वाचला तर आधी मूळ राजकीय पक्ष विलीन व्हायला हवा, मग आमदारांची सहमती, असा अर्थ निघतो. गोव्यातल्या २०१९च्या पक्षांतरांवरच्या अपात्रतेच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१मध्ये फेटाळल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय २४ फेब्रुवारी २०२२ला कायम ठेवला, म्हणजे पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊन दहा दिवस झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या मणिपूर प्रकरणात सभापतींनी साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं म्हटलं आहे. पास्त्याला पाकिटावर वेळ लिहिलेली असते तशी ही. पाळायची की नाही हे ज्याच्या हातात झारा आहे त्याने ठरवायचं.

मांडवीकाठ · रात्री ११:१८

हे छापून भिंतीवर लावते. पण स्पगेटीचं गणित अजून कुणी सांगितलं नाही.

आदोळी · रात्री ११:४०

माणशी ८० ग्रॅम, पुढे मासा आहे म्हणून. आठ जणांना ६४० ग्रॅम. नियम १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, म्हणजे साडेसहा लिटर. दहा लिटरचा टोप घ्या. घरच्या शेगडीवर त्याला उकळी यायला २५-३० मिनिटं लागतात, बरेच जण इथेच फसतात. एरवी लिटरला १० ग्रॅम मीठ, पण तिसऱ्यांचं पाणी खारट असतं म्हणून इथे ६-७ ग्रॅमच. पाण्यात तेल घालू नका. तेल वर तरंगतं, उपयोग शून्य, आणि काढताना पास्त्याला लागून सॉस निसटतो. न चिकटायला भरपूर पाणी आणि पहिली दोन मिनिटं ढवळणं पुरतं. स्पगेटी मोडू नका, अर्ध्या मिनिटात आपोआप वाकते. पाकिटावर 'ड्युरम' लिहिलेलं बघून घ्या. मैद्याचा असेल तर कितीही जपा, पिठूळ होतो.

मोठ्या कढईत ८ टेबलस्पून ऑलिव्ह तेल, तेल गार असतानाच ८-१० लसूण पाकळ्या चिरून आणि दोन सुक्या मिरच्या. मंद आच. लसूण कडेने सोनेरी व्हायला लागली की थांबा, तपकिरी झाली तर कडू लागते आणि मग टाकूनच द्यावी. त्यात गाळलेलं तिसऱ्यांचं पाणी. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधी काढून थेट या पाण्यात टाका, वर डावभर पास्त्याचं पाणी, मोठी आच, सतत परतणं. पिष्ट (स्टार्च) आणि तेल एकजीव होऊन रस दाटसर होतो. ताटात तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसलं तर परतणं कमी पडलं. तिसऱ्या अगदी शेवटी, अर्धं मिनिट. पार्सली मिळाली तर मूठभर. नसेल तर नुसतंच, कोथिंबीर घातली की ते तिसऱ्यांचं सुकं होतं.

चीज नाही. काकांनी मागितलं तरी नाही.

शाकाहाऱ्यांचा १६० ग्रॅम पास्ता वेगळ्या टोपात, वेगळा डाव, वांग्यांसाठी केलेल्यातलाच वाटीभर सॉस. सुका स्पगेटी बिनअंड्याचा असतो, ताजा बहुधा अंड्याचा, तेव्हा पाकीट वाचा.

तळ्यातमळ्यात · रात्री ११:५२

आणि मासा? इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या तळून चालतील?

आदोळी · रात्री १२:०५

तळलेली इसवण रोजचीच. 'आक्वा पात्झा' करा, शब्दशः 'वेडं पाणी', हेही नेपल्सकडचंच. ७००-८०० ग्रॅमचे दोन तामसो (तांबोशी), अख्खे, खवलं आणि आतडी काढून. दोन रुंद पातेल्यांत प्रत्येकी तीन टेबलस्पून तेल, तीन लसूण पाकळ्या, दीडशे ग्रॅम अर्धे केलेले लहान टोमॅटो, २०० मिली पाणी, मीठ. पाच मिनिटं उकळलं की मासा ठेवा. रस माशाच्या अर्ध्यापर्यंतच यायला हवा. झाकण, मध्यम आच, जाडीच्या दर अडीच सेंटिमीटरला दहा मिनिटं. उलटू नका, फुटतो, त्यापेक्षा चमच्याने रस वरून घालत राहा. हळद, आंबट काही लावून मुरवणं, काहीही नको. मासा ताजा नसेल तर हा पदार्थ तिथल्या तिथे चुगली करतो.

उंडो_पोई · रात्री १२:१२

वेडं पाणी म्हटलं की मांडवीच आठवते. कॅसिनोची जहाजं तिथून हलवायचं आश्वासन आलटून पालटून सगळ्यांनी दिलं, जहाजं तिथेच आहेत. या विषयावर दोन्ही काकांचं एकमत होईल बघा.

वांगी_आगशीची · रात्री १२:२०

गोडाला पान्ना कोत्ता, म्हणजे घट्ट जमवलेलं गोड क्रीम, पण जिलेटिन नको. एक तर ते प्राणिज, आणि दुसरं म्हणजे तिशी-पस्तिशीच्या तापमानात वितळतं. मे महिन्यात वीज गेली की वाटीत दूध. अगर, म्हणजे चायना ग्रास घ्या, एकदा जमलं की ८०-८५ अंशांपर्यंत वितळत नाही.

दहा वाट्यांना: दूध ४०० मिली, २५ टक्के फॅटचं पाकिटातलं क्रीम ६०० मिली, साखर ९० ग्रॅम, अगर पावडर ३ ग्रॅम. पावडर थंड दुधात मिसळून उकळी आणा आणि दोन मिनिटं खळखळू द्या, नुसतं गरम करून अगर विरघळत नाही. क्रीम वेगळं कोमट करून त्यात घाला. फ्रीजमधलं गार क्रीम ओतलं तर अगर जागीच गोठतो आणि साबुदाण्यासारखे कण होतात. झालं तर सगळं परत उकळून गाळा. वाट्यांत भरायच्या आधी चमचाभर थंड बशीवर टाकून बघा. दोन मिनिटांत थरथरतं घट्ट झालं की बरोबर, सुरीने कापावं लागलं तर थोडं दूध वाढवा. वर मानकुराद आंब्याचा रस, साखर न घालता, वाढायच्या वेळी.

तळ्यातमळ्यात · रात्री १२:३३

काकांना गोडाबरोबर काय द्यायचं ते सुचलं: ज्याचा त्याचा लाडका उमेदवार, त्याचं उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६चं प्रतिज्ञापत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं.

परिशिष्ट_दहा · रात्री १२:५०

चांगली कल्पना आहे, पण कसं वाचायचं ते सांगा. एकट्या प्रतिज्ञापत्राने काही कळत नाही. त्याच माणसाची सलग दोन निवडणुकांची काढून शेजारी ठेवा. पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न जमेला, आणि दोन प्रतिज्ञापत्रांतल्या मालमत्तेचा फरक त्याच्यासमोर. जमिनीच्या किमती आपोआप वाढतात, म्हणून ती वाढ बाजूला काढा आणि नवी खरेदी तेवढी मोजा. जोडीदाराचे आणि अवलंबितांचे रकाने सोडू नका, मजा तिथेच असते. खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मात्र प्रतिज्ञापत्र खोटं आहे हे सिद्ध करावं लागतं, नुसता संशय चालत नाही.

मांडवीकाठ · सकाळी ७:१५

वेळापत्रक असं धरते: शनिवारी टोमॅटोचा सॉस आणि पान्ना कोत्ता. रविवारी दुपारी वांगी तळून चारला ओटीजीत. साडेपाचला तिसऱ्या मिठाच्या पाण्यात. साडेसातला टोप चढवायचा, पावणेआठला उंडे भाजायचे, सव्वाआठला पास्ता. मासा पास्ता खाताना शेगडीवर. काही चुकतंय? आणि तामसो मिळाला नाही तर दोन किलोचा अख्खा चणक (जिताडा) ओटीजीत चालेल ना?

आदोळी · सकाळी ७:४०

तिसऱ्या साडेपाचला नको, पाचला. सातला पाण्याबाहेर काढा, साडेसातला उघडायच्या, उघडलेल्या साडेआठपर्यंत झाकून ठेवल्या तरी चालतात. दोन किलोचा चणक २८ लिटरच्या ओटीजीत मावणार नाही, शेपटी बाहेर राहील. अडीच सेंटिमीटरच्या तुकड्या करून घ्या, पातेल्यातच, आठ मिनिटांनी झाकण उघडून बघा. डोकं टाकू नका, रसात ठेवा.